घोड्याचे पाय का सुजतात?

हर्णे, मुरुड, कर्दे या किनाऱ्यांवर पर्यटकांना घोड्यावरून फिरवून काही घरांची रोजी चालते. घोडा तबेल्यात उभा राहिला की कमाई बंद आणि खर्च चालूच. म्हणून पाय सुजलेला दिसताच तेल चोळत बसण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात. सूज किती पायांना आहे? हाताला गरम लागते काय?

घोड्याच्या गुडघ्याखाली मांस जवळजवळ नसतेच. तिथे साचलेले पाणी वर चढते ते चालण्यामुळे. रात्रभर बांधलेल्या घोड्याचे दोन्ही मागचे पाय सकाळी फुगलेले पण थंड असतील, तो लंगडत नसेल आणि थोडे फिरवल्यावर सूज उतरत असेल, तर फिरवणे हेच औषध. आपल्याकडे शनिवार-रविवारी धावपळ, बाकी दिवस दावण; पावसाळ्यात तर विचारूच नका. बसून असलेल्या घोड्याला कामाच्या दिवसाइतकी चंदी घातली तर कधीकधी एक मागचा पाय अचानक जांघेपर्यंत सुजतो, तापही येतो. इंग्रज याला ‘सोमवारचा आजार’ म्हणत, कारण त्यांच्या घोड्यांना रविवारी सुट्टी असे. सुट्टीत चंदी कमी करावी, वैरण ठेवावी, रोज फिरवावे.

एकच पाय गरम असून घोडा तो टेकवत नसेल, तर मात्र त्याला मुळीच चालवू नये. मऊ वाळूत दौडून कंडरा ताणली असेल, किंवा खुरात काच, खिळा, मासेमारीचा गळ शिरला असेल. खूर साफ करून पाहावा, पंधरा-वीस मिनिटे गार पाण्याची धार सोडावी आणि सालोतरी गाठावा. (आपला हा उर्दू शब्द मूळचा संस्कृत शालिहोत्राचा.) जखम असेल तर धनुर्वाताची सुई हवीच. डाग देण्याने जनावराला यातना होतात, कंडरा बरी होत नाही.

चारही पायांसह पोटाखालीही सूज असेल तर जंत, यकृत, मूत्रपिंड किंवा हृदयाचा दोष असू शकतो.

पायावर ओळीने गाठी येऊन फुटत असतील, नाकातून चिकट स्राव येत असेल, तर तो ग्लँडर्स असू शकतो. हा माणसालाही लागतो. अशा घोड्याला वेगळे बांधून पशुवैद्यकीय दवाखान्यात ताबडतोब कळवावे. 2009च्या कायद्याने ते बंधनकारक आहे.

सारंगखेड्याच्या बाजारात घोडा घेणाऱ्यांनी तो पहाटे, दावणीवरच पाहावा. विकणारा आधी फिरवून आणतो तेव्हा सूज उतरलेली असते. आम्ही कापडाचा ताका घडीवर घेत नाही, उलगडून घेतो. तसेच पाय दोन्ही हातांनी चाचपून, कडक जमिनीवर दुडकी चालवून मगच सौदा करावा.