होडीचा ट्रेलर रस्त्यावर शेपटी का मारतो?



बंदी 31 जुलैला संपते. त्याआधीच्या आठवड्यात रंगकाम, फायबरचं काम आटोपून होड्या जेटीवर आणायची सगळ्यांची एकच घाई असते. पूर्वी हे काम ट्रॅक्टर करायचा. आता बऱ्याच जणांनी पिकअपच्या मागे गोळा बसवून घेतलाय आणि होडीचा ट्रेलर थेट हायवेवरून आणतात.

गेल्या वर्षी याच दिवसांत आपल्या एका सभासदाची होडी दक्षिणेकडून येत होती. वेर्ण्याचं पठार संपून रस्ता कुठ्ठाळीकडे उतरतो, त्या उतारावर बाजूने एक बस जोरात पुढे गेली. वाऱ्याच्या धक्क्याने ट्रेलर थोडा डावीकडे गेला, मग उजवीकडे. पुढचा प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा. ड्रायव्हर घाबरला, त्याने ब्रेक दाबला आणि ट्रेलरने पिकअपलाच आडवं फिरवलं. माणसं वाचली, पण होडीची एक बाजू फुटली आणि ऑगस्टचे पहिले पंधरा दिवस घरी बसण्यात गेले. पंधरा दिवस म्हणजे काय, ते आपल्याला सांगायला नको.

तेव्हापासून झोके बंद करणाऱ्या हिचचे व्हिडिओ सभासद आम्हाला पाठवतात आणि विचारतात, हे मागवायचं का? त्याचं उत्तर द्यायचं तर आधी झोका येतो कुठून ते बघावं लागेल.

आपली गडबड होते ती समुद्रातल्या सवयीमुळे. बंद पडलेली होडी टोचण लावून आणताना आपण तिची नाळ हलकी ठेवतो आणि वजन मागे नेतो, कारण नाळ दबली की होडी दोरीवर डावी-उजवी पळायला लागते. हीच सवय ट्रेलरवरही येते: इंजिन मागे लटकलेलं, जाळी मागे, बर्फाची पेटीही मागेच. रस्त्यावर मात्र हिशेब बरोबर उलटा आहे. तिथे ट्रेलर चाकांवर फिरतो. वजन चाकांच्या मागे असलं की जरा धक्का बसताच तो भार शेपटीला बाहेर फेकतो, गोळ्याजवळचा दांडा विरुद्ध बाजूला जातो आणि पिकअपचं मागचं अंग सोबत ओढतो. वजन चाकांच्या पुढे असेल तर ट्रेलर आपला आपण सरळ रेषेत येतो.

दुसरी गोष्ट वेगाची. "ट्रॅक्टरमागे वीस वर्षं हाच ट्रेलर ओढला, कधी हलला नाही," असं बरेच जण म्हणतात. खरं आहे ते. कमी वेगात प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा लहान होत जातो आणि विरतो. एका ठराविक वेगाच्या वर तो विरत नाही, वाढत जातो. वजन जितकं मागे, तितका हा वेग खाली येतो. ट्रॅक्टर त्या वेगापर्यंत पोचतच नव्हता, म्हणून भरणीतली चूक कधी दिसली नाही. पिकअप सहज पोचते, आणि उतारावर तर न कळत.

आता आकड्यात बघू. होडी धरून ट्रेलर 900 किलोचा असेल तर दांड्याचा गोळ्यावर पडणारा भार साधारण त्याच्या दहा टक्के, म्हणजे 90 किलोच्या आसपास हवा. समजा तो 60 भरला. 40 किलोचं इंजिन चाकांच्या 3 मीटर मागे आहे आणि चाकांपासून गोळा 4 मीटर पुढे आहे. ते इंजिन काढून पिकअपमध्ये ठेवलं तर 40 गुणिले 3 भागिले 4, म्हणजे दांड्यावर 30 किलो वाढले. झाले 90. एक पैसा खर्च नाही. मात्र पिकअपमध्येही इंजिन पुढच्या बाजूला, केबिनला टेकवून बांधा.

पावसाचं पाणी तर कोणी मोजतच नाही. बंदीत होडी उघडी राहिली, बूच लावलेलं असलं, तर आत 100 लिटर सहज साठतं. हे 100 किलो झाले, आणि चढावर ते सगळं मागे धावतं. निघायच्या आधी बूच काढून होडी रिकामी करा.

आता त्या हिचकडे येऊ. अमेरिकेत लोक चाकांवरचं अख्खं घर गाडीमागे ओढतात, त्यासाठी ही साधनं तिकडे वापरतात. एका प्रकारात दोन स्प्रिंगचे बार असतात. गोळ्यावर 100 किलो पडले आणि गोळा मागच्या चाकांच्या 1.2 मीटर मागे असला, तर 3 मीटर व्हीलबेसच्या गाडीत पुढची चाकं 40 किलोने हलकी होतात, स्टिअरिंग सैल वाटतं. हे बार ताणून तो भार पुन्हा पुढच्या चाकांवर ढकलतात. गाडी ताब्यात राहते, पण नुसत्या या बारने झोका थांबत नाही. त्यासाठी घर्षणाची पट्टी वेगळी जोडतात. ती दांड्याला गोळ्यावर सहज फिरू देत नाही, दाराच्या घट्ट बिजागरीसारखी. तिसरा प्रकार महाग. त्यात जोडकामाची रचना अशी असते की ट्रेलर गोळ्यावर न फिरता जणू पिकअपच्या मागच्या चाकांजवळच फिरतो. त्यामुळे झोक्याला गाडी ढकलायला लांब दांडाच मिळत नाही.

आमचं मत विचाराल तर आपल्याला यातलं काही मागवायची गरज नाही. आपल्या ट्रेलरला एकच सरळ दांडा असतो, हे बार मुख्यतः त्रिकोणी दांड्यासाठी बनवतात. घर्षणाची पट्टी भिजली की पकड कमी होते, आणि आपलं काम ऐन पावसातलं. जेटीवर वळवून रिव्हर्स घेताना ती काढावीही लागते. आणि मुख्य म्हणजे वजन मागेच असेल तर पट्टी झोका दाबून ठेवते, कारण तसंच राहतं. वेग वाढला की पट्टीलाही आवरत नाही.

त्यापेक्षा गोळा आणि त्यावरचा कप एकाच मापाचे आहेत का ते तपासा. बाजारात 50 मिलीमीटरचे गोळे मिळतात आणि इंचातलेही. मोठा कप लहान गोळ्यावर बसल्यासारखा दिसतो आणि खड्ड्यात सुटतो. सुरक्षेच्या साखळ्या दांड्याखालून फुली करून लावा. टायरमध्ये हवा पुरेशी आणि दोन्हीकडे सारखी हवी. ट्रेलर जोडल्यावर जमिनीला समांतर दिसला पाहिजे, नाळ आभाळाकडे नको.

एवढं करूनही वाटेत झोका आलाच तर अ‍ॅक्सिलेटरवरून पाय काढा आणि स्टिअरिंग सरळ घट्ट धरा. झोक्याच्या उलट फिरवत बसू नका. आपला हात झोक्याच्या मागेच पडतो आणि झोका वाढतो. करकचून ब्रेक नको, ट्रेलरला ब्रेक नसतात, तो मागून ढकलतच राहतो. वेग वाढवून सरळ करायचा प्रयत्न तर अजिबात नको. ज्यांच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक आहेत आणि ते वेगळे लावता येतात, त्यांनी फक्त तेच लावावेत, म्हणजे ट्रेलर मागून ताणला जाऊन सरळ होतो.

दांड्याचा भार मोजायला आपला मासे तोलायचा मोठा काटा चालतो. ट्रेलर सपाट जागी, चाकांना उटी लावून, दांडा गोळ्याच्या उंचीवर येईल असा लाकडी ठोकळा काट्यावर ठेवायचा, ठोकळ्याचं वजन वजा करायचं आणि दांडा त्यावर टेकवायचा. बंदीच्या शेवटच्या आठवड्यात संस्थेचा काटा सकाळी शेडबाहेर काढून ठेवतो. होडी न्यायच्या आधी ट्रेलर घेऊन या, दहा मिनिटांचं काम आहे. सोबत दोन माणसं आणा, दांडा उचलायला लागतात.