चाकातली हवा जाते कुठे?

भारतात असेपर्यंत टायरची हवा हा आपल्यापैकी बहुतेकांचा विषय नव्हताच. पेट्रोल पंपावर काच खाली करायची, "पुढे अठ्ठावीस, मागे तीस" म्हणायचं आणि हवा भरणाऱ्या पोऱ्याच्या हातावर चार नाणी ठेवायची, की झालं. इथे सर्वोवर पाईप आपणच ओढायचा आणि वाकायचंही आपणच. जुलैच्या थंडीत ते नको वाटतं आणि काम पुढच्या आठवड्यावर जातं.

आम्हा मंडळींच्या गप्पांत एक तक्रार वरचेवर निघते. चारांपैकी एकाच चाकाची हवा दर पंधरवड्याला उतरते, टायरवाला म्हणतो खिळाबिळा काही नाही. मग हवा जाते कुठे? अशा वेळी व्हॉल्व्हच्या खालोखाल संशय घ्यावा तो टायर आणि रिम जिथे एकमेकांना चिकटतात त्या कडेचा. टायरची ही जाड कड, तिच्यात पोलादी तारा असतात, तिला इथे बीड म्हणतात.

आपल्या जुन्या फियाट-अॅम्बॅसिडरमध्ये हवा ट्यूबमध्ये असायची. रिम गंजून चाळण झाली तरी हवेला त्याचं सोयरसुतक नव्हतं. ट्यूबलेस टायरमध्ये मात्र रिम हीच हवेची एक भिंत. बीड रिमवर घट्ट दाबून बसते तेवढीच काय ती सीलबंदी. तिथे पोलादी रिमला गंज चढला किंवा अॅलॉय रिमवर पांढरी भुकटी धरली, की रंग सुटतो, पृष्ठभाग खडबडीत होतो आणि केसाएवढ्या फटीतून हवा झिरपू लागते. अॅलॉयला गंज लागत नाही असं समजून लोक निर्धास्त राहतात. तांबडा लागत नाही, एवढंच खरं.

आणि आपण राहतो कुठे, तर बहुतेक सगळे समुद्राच्या काठाने! त्यात सुट्टीत गाडी वाळूत घालायची हौस. क्वीन्सलंडच्या कगारी बेटावर (२०२३ पर्यंतचं फ्रेझर आयलंड) किंवा न्यूकॅसलजवळच्या स्टॉक्टन बीचवर जाणारे टायरची हवा मुद्दाम १८-२० पौंडांपर्यंत उतरवतात. ते बरोबरच आहे, पण मऊ टायरने जोरात वळण घेतलं तर बीड हलते आणि फटीत वाळू शिरते. परतल्यावर चाकं आतल्या बाजूनेही गोड्या पाण्याने धुवावीत, आणि डांबरी रस्त्यावर वेग घेण्याआधी हवा पूर्ववत भरावी.

गळती घरी सापडते. आधी एक विचार करा: चारही चाकांची हवा सारखीच उतरली असेल तर बहुधा थंडीचा परिणाम आहे, कारण तापमान साधारण सहा अंशांनी उतरलं की पौंडभर दाब कमी होतो. एकच चाक उतरत असेल तर साबणाचं पाणी घ्या. व्हॉल्व्हवर टाका, मग टायरच्या नक्षीवर, मग रिमच्या कडेने गोल, पुढून आणि मागूनही. बारीक फेस हळूहळू फुगत राहिला की जागा सापडली. घाई नको, पाचेक मिनिटं द्या.

उपाय मात्र टायरवाल्याकडेच. टायर उतरवून रिमची बैठक वायर ब्रशने स्वच्छ घासायची, बीडवर चिकटलेली घाण काढायची, बीड सीलर लावायचं आणि टायर परत चढवायचा. जुना रबरी व्हॉल्व्ह त्याच खेपेत बदलून घ्यावा. "नुसतं सीलर फासून देतो" म्हणणाऱ्याला आधी घासायला सांगा. गंजावर लावलेलं सीलर गंजाबरोबरच सुटतं. टायर चढवताना भांड्यांचा साबण वापरू देऊ नये, त्यात बऱ्याचदा मीठ असतं. त्या कामासाठी वेगळी पेस्ट मिळते. आणि रिम वाकलेली किंवा तडकलेली असेल तर सीलर त्याला औषध नव्हे.

एवढी उठाठेव कशाला, आठवड्याला हवा भरली की झालं, असं म्हणणारे भेटतात. पण तो आठवडा एकदा चुकतोच. सिडनीहून मेलबर्नला ह्यूम हायवेने जवळजवळ ८८० किलोमीटर. बराचसा रस्ता ११० च्या वेगाचा. भारतातून आलेले आईबाबा मागे, मुलं, डिकी गच्च. हवा कमी असलेला टायर प्रत्येक फेऱ्यात जास्त दबतो, तापतो, आणि तापलेला टायर कधी फुटेल सांगता येत नाही. नुसतं बघून कळतही नाही, रेडियल टायर मुळातच थोडे पोट सुटल्यासारखे दिसतात. त्यासाठी स्वस्तातला का होईना, प्रेशर गेज गाडीत हवा. किती हवा भरायची ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या किंवा पेट्रोलच्या झाकणामागच्या स्टिकरवर असतं, बहुधा किलोपास्कलमध्ये: २२० म्हणजे आपले ३२ पौंड. भरलेल्या गाडीसाठी आकडा वेगळा असेल तर तो पाळा. मोजायचं सकाळी, टायर थंड असताना. होलब्रूकची पाणबुडी बघायला थांबलात आणि तिथे दाब वाढलेला दिसला, तर हवा काढू नका, तो तापल्यामुळे वाढलाय.

डिकीतल्या पाचव्या चाकाचीही हवा निघायच्या आदल्या दिवशीच बघावी. सामान भरल्यावर ते सगळ्या बॅगा आणि लाडवांच्या डब्याच्या खाली जातं.