ॲप एका फोनवर चालते, दुसऱ्यावर का अडते?

वजाबाकीचे एकच उदाहरण वर्गातील तीस मुलांना घातले, तर काही उत्तरे चुकतात. अनुभवी शिक्षक त्या सर्वांवर सारखीच फुली मारून थांबत नाही. एखादा मुलगा हातचा घेतो, परंतु दशकातून तो कमी करावयास विसरतो. दुसरा, वरच्या अंकातून खालचा अंक जात नाही असे पाहून, खालच्यातूनच वरचा वजा करतो. दोघांचीही उत्तरे चूकच. परंतु चूक कोणत्या पायरीवर झाली हे कळल्याखेरीज ती सुधारता येत नाही. मोबाइल फोनवरील ॲपमधील दोष शोधण्याचे काम याच जातीचे आहे. त्यास डिबगिंग असे म्हणतात.

हजेरी, शालेय पोषण आहाराची नोंद, चाचण्यांचे गुण अशी पुष्कळशी माहिती आता फोनवरून भरावी लागते. एखाद्या शिक्षकाच्या फोनवर ॲप अडते, माहिती जात नाही, आणि मग दोन गैरसमज उत्पन्न होतात. आपल्यालाच हे यंत्र वापरता येत नाही, असे शिक्षकास वाटते. शिक्षकाने काम टाळले, असे वरिष्ठांस वाटते. पुष्कळ वेळा या दोन्ही समजुती अन्यायाच्या असतात. दोष असतो तो ॲप आणि फोन यांच्या नियमांतील विसंगतीचा. ही विसंगती कशी उत्पन्न होते, ती कशी शोधली जाते आणि त्या कामी शिक्षकाची नोंद किती मोलाची आहे, याचे विवेचन पुढे केले आहे.

कार्यप्रणाली व तिच्या आवृत्त्या

फोनमधील कॅमेरा, साठवण, जाळ्याशी असलेला संबंध या सर्वांवर देखरेख ठेवणारी एक मूळ आज्ञावली असते. तीस कार्यप्रणाली, अर्थात ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणतात. आपल्याकडील बहुसंख्य फोनांत ती अँड्रॉइड ही असते. ॲपल कंपनीच्या फोनांत आयओएस असते. ॲपला फोनमधील कोणतीही वस्तू स्वतः होऊन घेता येत नाही. ती कार्यप्रणालीकडे मागावी लागते.

अँड्रॉइडची पहिली आवृत्ती 2008 साली निघाली. त्यानंतर बहुधा दरवर्षी नवी मोठी आवृत्ती निघत आली असून 2025 साली अँड्रॉइड 16 निघाले. परंतु नवी आवृत्ती निघाली म्हणजे ती प्रत्येक फोनवर जाते असे नाही. फोन बनविणारी कंपनी ती देईल तरच मिळते, आणि काही वर्षांनंतर कंपन्या ती देणे बंद करतात. म्हणून एकाच केंद्रातील दहा शिक्षकांच्या फोनांत चार-पाच निरनिराळ्या आवृत्त्या आढळल्या तर नवल नाही. शिवाय कंपन्या आपापल्या फोनांत मूळ प्रणालीत स्वतःचे फेरफार करतात, ते वेगळेच.

नियम कोठे बदलले

नव्या आवृत्त्यांत केवळ शोभा वाढविलेली नसते. ॲपने कसे वागावे याचे नियमही बदललेले असतात. शाळेच्या कामाशी संबंध येणारे काही बदल असे :

पहिला बदल परवानगीचा. अँड्रॉइड 5पर्यंत ॲप फोनवर घेतेवेळीच सर्व परवानग्या एकदम दिल्या जात. 2015च्या अँड्रॉइड 6पासून कॅमेरा, स्थान, ध्वनिमुद्रण इत्यादींची परवानगी प्रत्यक्ष वापराच्या वेळी विचारली जाऊ लागली. वापरणाराने ‘नको’ म्हटले तर काय करावे, याचा विचार ॲपकर्त्याने केलेला नसेल तर ॲप तेथेच बंद पडते. पुढे 2020च्या अँड्रॉइड 11मध्ये, काही महिने न वापरलेल्या ॲपच्या परवानग्या आपोआप काढून घेण्याची सोय आली. वर्षातून एकदाच सर्वेक्षणासाठी उघडले जाणारे ॲप गेल्या वर्षी चालले व यंदा अडले, याचे हे एक कारण असू शकते.

दुसरा बदल साठवणीचा. पूर्वी एकदा परवानगी मिळाली की ॲपला फोनच्या सामाईक साठवणीत कोठेही फाइल ठेवता येई. यामुळे एका ॲपला दुसऱ्याच्या फायली वाचता येत. 2019च्या अँड्रॉइड 10मध्ये यावर निर्बंध आला आणि अँड्रॉइड 11मध्ये तो पक्का झाला.

तिसरा बदल पडद्याआडच्या कामाचा. विद्युत्घटातील शक्ती वाचावी म्हणून 2015 व 2017 सालच्या आवृत्त्यांत, पडद्यावर नसलेल्या ॲपच्या कामावर मर्यादा घालण्यात आल्या. शाळेत रेंज नाही म्हणून हजेरी फोनमध्येच साठवली, आणि ती घरी गेल्यावर आपोआप जाईल असे समजून फोन खिशात ठेवला, तर ती जाईलच असे सांगता येत नाही. रेंजमध्ये आल्यावर ॲप उघडून, माहिती पोहोचल्याची खूण दिसेपर्यंत ते पडद्यावर ठेवणे इष्ट.

चौथी अडचण जुन्या फोनांची. फोन जेव्हा एखाद्या संकेतस्थळाशी सुरक्षितपणे जोडला जातो, तेव्हा तो त्याचे प्रमाणपत्र तपासतो आणि ते देणाऱ्या संस्थेचे नाव आपल्या यादीत पाहतो. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेच्या नव्या मूळ प्रमाणपत्राची ओळख अँड्रॉइड 7.1.1च्या पूर्वीच्या आवृत्त्यांना नव्हती. काही काळ जुन्या प्रमाणपत्राच्या आधारे ती उणीव भागविण्यात आली. ती सोय सप्टेंबर 2024अखेर संपली. म्हणजे फोन तोच, बोट तेच, पण काल उघडणारे स्थळ आज उघडत नाही! फोनमधील तारीख चुकलेली असली तरीही असेच घडते. म्हणून ती प्रथम पाहावी.

अद्ययावत केल्यावर बिघाड का होतो?

प्रत्येक ॲपमध्ये दोन क्रमांक लिहिलेले असतात. पहिला, ते कमीत कमी कोणत्या आवृत्तीवर चालेल याचा; त्याहून जुन्या फोनवर ते घेताच येत नाही. दुसरा, ते कोणत्या आवृत्तीचे नियम ध्यानात घेऊन तयार केले आहे याचा. हा दुसरा क्रमांक जुना असेल, तर नवी अँड्रॉइड प्रणालीही काही बाबतींत त्यास जुन्या नियमांची सवलत देते. परंतु गुगलच्या प्ले स्टोअरवर हा क्रमांक वेळोवेळी वाढविण्याचे बंधन आहे. क्रमांक वाढविला की सवलत संपते, आणि ज्या ओळी वर्षानुवर्षे बिनबोभाट चालत होत्या त्या नव्या फोनांवर अडू लागतात. जुन्या फोनांवर मात्र त्या पूर्वीसारख्याच चालतात.

दोषाचा शोध कसा घेतात?

ॲपकर्त्याची पहिली पायरी म्हणजे तो दोष आपल्यासमोर पुन्हा घडवून आणणे. जो दोष डोळ्यांसमोर घडत नाही, तो दुरुस्त झाला की नाही हेही सांगता येत नाही. यासाठी संगणकातच निरनिराळ्या आवृत्त्यांचे आभासी फोन चालविण्याची सोय असते. तीस एम्युलेटर म्हणतात. दुसरी पायरी नोंदी वाचण्याची. ॲप बंद पडते तेव्हा कोणत्या ओळीवर ते अडले याची नोंद प्रणाली करून ठेवते. तिसरी पायरी म्हणजे एकेक शक्यता वगळत जाणे. त्यानंतर ‘आवृत्ती 10च्या अलीकडील असल्यास असे करावे, नाहीतर तसे’ अशी दुरुस्ती केली जाते. शेवटी सर्व आवृत्त्यांवर पुन्हा परीक्षा घेतात. कारण नव्या फोनासाठी केलेल्या दुरुस्तीने जुना फोन अडण्याचा संभव असतो.

शिक्षकाने काय नोंदवावे?

‘ॲप चालत नाही’ एवढ्या तक्रारीवरून पहिली पायरीही ओलांडता येत नाही. पुढील दोन नोंदी ताडून पाहाव्यात. पहिली : “निकालपत्रक निघत नाही. कृपया दुरुस्ती व्हावी.” दुसरी : “फोनवर अँड्रॉइड 11, ॲपची आवृत्ती 2.4. गुण भरता येतात. निकालपत्रक फोनवर जतन करण्याचे बटण दाबताच ॲप बंद पडते. तीन वेळा केले, तिन्ही वेळा तसेच झाले. शेजारच्या शिक्षकांच्या अँड्रॉइड 9च्या फोनवर हीच कृती सुरळीत होते.” दुसरी नोंद वाचताच जाणकाराचे लक्ष साठवणीच्या नियमाकडे जाते. जे शोधण्यास एरवी आठवडा लागला असता, ते एका दिवसात सापडू शकते.

तरी नोंदीत पुढील गोष्टी असाव्यात :

1. फोनचे नाव व अँड्रॉइडची आवृत्ती. ती सेटिंग्जमधील ‘फोनविषयी माहिती’ येथे मिळते.

2. ॲपची आवृत्ती, आणि ते नुकतेच अद्ययावत केले होते काय.

3. कोणत्या क्रमाने काय केले, काय होईल अशी अपेक्षा होती, व प्रत्यक्षात काय झाले. पडद्यावरील संदेश शब्दशः लिहावा.

4. पुन्हा केल्यास तसेच होते काय. दुसऱ्या फोनवर होते काय.

पडद्याचे छायाचित्र जोडल्यास उत्तम. मात्र त्यात मुलांची नावे, आधार क्रमांक किंवा सांकेतिक शब्द दिसता कामा नयेत.

येथे एक सावधगिरीची सूचना अवश्य ध्यानात ठेवावी. ‘ॲप काढून पुन्हा घ्या’ असा सल्ला सर्रास दिला जातो. परंतु न पाठविलेली हजेरी किंवा गुण बहुधा त्या ॲपच्या स्वतःच्या साठवणीतच असतात. ॲप काढताच ते नाहीसे होतात. ‘डेटा पुसा’ या बटणानेही तेच होते; ‘कॅशे पुसा’ने सहसा तसे होत नाही. म्हणून सर्व माहिती पोहोचल्याची खात्री होईपर्यंत ॲप काढू नये, आणि शंका असेल तर नोंद प्रथम कागदावर उतरवून घ्यावी.

केंद्रातील शिक्षकांनी मासिक परिषदेत आपापल्या फोनांच्या आवृत्त्यांचा एक तक्ता केला, आणि अडलेले काम त्याशेजारी लिहिले, तर दोष आवृत्तीचा आहे, रेंजचा आहे की वापराचा, हे केंद्रप्रमुखांनाही दिसेल. मग माहिती न पोहोचल्याबद्दल एखाद्या शिक्षकास विनाकारण खुलासा द्यावा लागणार नाही, आणि हजर असलेले मूल कागदोपत्री गैरहजर राहणार नाही. मुलाच्या पाटीवरील चुकीची पायरी शोधणाऱ्या शिक्षकास ही दृष्टी नवीन नाही. तीच त्याने हातातील फोनकडे वळवावयाची आहे.