टपालाने बियाणे मागविताना : घरपोच किंमत कशी काढावी?

‘चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला’ ही म्हण आपल्याकडे सर्वांच्या परिचयाची आहे. परसबागेसाठी टपालाने बियाणे मागविणाऱ्यास तिचा प्रत्यय हटकून येतो. तीस रुपयांचे टोमॅटोचे पाकीट पसंत करावे आणि हिशेब पुरा होताना त्यावर पंचावन्न रुपये टपालहशील चढलेले पाहावे, हा अनुभव नवा नाही. अशा वेळी कोणी मागणीच रद्द करतो, तर कोणी हशील वाचविण्याच्या भरात नको असलेली चार पाकिटे अधिक घेतो. या दोन्ही गोष्टी टाळता येण्याजोग्या आहेत. त्यासाठी पाकिटावर छापलेली किंमत आणि बियाणे दारात येऊन पडेपर्यंतची किंमत यांतील भेद नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

नव्या नगरातील जुने शेतकरी

हा प्रश्न नवी मुंबईच्या परिसरात विशेष जाणवतो. १९७० साली सिडकोची स्थापना झाल्यावर या नगरासाठी ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. ज्या घरांत पुढील हंगामाचे भातबियाणे कणगीत राखून ठेवले जात असे, त्यांपैकी अनेक घरांजवळ आज अंगण, परसू किंवा गच्ची एवढीच लागवडीची जागा उरली आहे. त्यांच्या शेजारी वाशी, नेरूळ, खारघर येथील वसाहतींत बाहेरून आलेली कुटुंबे कुंड्यांतून भाजीपाला लावीत असतात. तुर्भे येथील मोठ्या बाजार आवारात राज्याच्या कानाकोपऱ्यांतून भाजी येते. परंतु हवा तो वाण चिमूटभर प्रमाणात जवळच्या दुकानी मिळेलच, असे नाही. त्यामुळे टपालाचा आश्रय घ्यावा लागतो.

टपालाने बियाणे मागविण्याची रीत मात्र जुनीच आहे. इंग्लंडात १८४० साली स्वस्त टपाल सुरू झाल्यावर रेडिंग येथील सटन यांच्या पेढीने बियाण्यांचा मोठा व्यापार टपालाद्वारे उभारला. आपल्याकडे १८७७ साली व्ही. पी. ची सोय झाली आणि वस्तू हाती आल्यावर टपालवाल्याकडे पैसे भरणे शक्य झाले. पुण्यातील पेस्तनजी पोचा यांची बियाण्यांची पेढी १८८४ सालची आहे. आज मागणीचे पत्र लिहावे लागत नाही. ती भ्रमणध्वनीवरून नोंदविली जाते. मागणीची साधने बदलली तरी हिशेबाचे गणित तेच राहिले आहे.

हशिलाचे गणित

हशील मालाच्या किमतीवर नव्हे, तर वजनाच्या टप्प्यांवर आकारले जाते, ही पहिली गोष्ट ध्यानात ठेवावी. १ सप्टेंबर २०२५ पासून देशांतर्गत नोंदणी टपाल स्पीड पोस्टमध्ये विलीन करण्यात आले. १ ऑक्टोबर २०२५ पासून अमलात आलेल्या दरांप्रमाणे ५० ग्रॅमपर्यंतच्या स्पीड पोस्टास त्याच शहरात १९ रुपये आणि शहराबाहेर, अंतर कितीही असो, ४७ रुपये पडतात. ५१ ते २५० ग्रॅमपर्यंत २०० किलोमीटरच्या आत ५९ रुपये, तर ५०१ ते १,००० किलोमीटरपर्यंत ६८ रुपये द्यावे लागतात. या सर्वांवर शेकडा १८ प्रमाणे वस्तू व सेवा कर वेगळा असतो. म्हणजे ४७ रुपयांचे प्रत्यक्षात ५५ रुपये ४६ पैसे होतात.

आता समजा, पुण्याहून नवी मुंबईस बियाणे मागवावयाचे आहे आणि प्रत्येक पाकिटाची किंमत ३० रुपये आहे. एकच पाकीट मागविल्यास ते ८५ रुपये ४६ पैशांना पडेल. पाच पाकिटे मागविली व वेष्टनासह वजन ५० ग्रॅमच्या आत राहिले, तर एकूण खर्च २०५ रुपये ४६ पैसे, म्हणजे दर पाकिटास सुमारे ४१ रुपये येईल. दहा पाकिटांचे वजन ५० ग्रॅमच्या वर गेले, पण २५० ग्रॅमच्या आत राहिले, तर हशील करासह ६९ रुपये ६२ पैसे होईल आणि दर पाकीट सुमारे ३७ रुपयांना पडेल. बियाणे तेच, विक्रेता तोच. केवळ मागणी एकत्र केल्याने पाकिटामागे ४८ रुपये वाचले.

यावरून एक साधा नियम निघतो. पाकिटांची किंमत, बांधणीचा आकार, हशील, कर आणि रोख वसुलीचा वेगळा आकार असल्यास तो, या सर्वांची बेरीज करावी व तिला पाकिटांच्या संख्येने भागावे. येणारा आकडा हीच खरी घरपोच किंमत होय. दोन विक्रेत्यांची तुलना नेहमी याच आकड्यावरून करावी.

‘मोफत घरपोच’ म्हणजे काय?

काही विक्रेते घरपोच सेवा मोफत असल्याचे जाहीर करतात. टपालखाते किंवा कुरियरवाला कोणाचेही काम फुकट करीत नाही. तो खर्च पाकिटाच्या किमतीत मिसळलेला असतो. यात गैर काही नाही. परंतु असे पाकीट ‘महाग’ आणि वेगळे हशील लावणारे पाकीट ‘स्वस्त’ असा निष्कर्ष काढू नये. पुन्हा बेरीज करूनच पाहावे.

ठरावीक रकमेच्या वर मागणी केल्यास हशील माफ, अशीही सवलत आढळते. साडेतीनशे रुपयांची गरज असताना केवळ पंचावन्न रुपये वाचविण्यासाठी आणखी दीडशे रुपयांचे बियाणे घेणे हा तोट्याचा व्यवहार आहे. कारण बियाणे हा भांड्याकुंड्यांसारखा ठेवून देण्याचा माल नव्हे. त्यात जीव असतो व तो दिवसेंदिवस क्षीण होत जातो. कांद्याचे बियाणे तर साध्या साठवणीत वर्षभरातच आपली उगवणशक्ती बव्हंशी गमावते.

ग्राहकास कायद्याचेही पाठबळ आहे. २०२० सालच्या ई-वाणिज्यविषयक ग्राहक संरक्षण नियमांनुसार विक्रेत्याने एकूण किंमत एका आकड्यात दाखवून तिच्यातील घरपोच आकार, टपाल व हाताळणी खर्च आणि कर यांची फोड द्यावयाची असते. आरंभी कमी किंमत दाखवून अखेरीस एकेक आकार वाढवीत नेण्याच्या प्रकारास २०२३ सालच्या मार्गदर्शक तत्त्वांनी ग्राहकाची दिशाभूल मानले आहे. अशा बाबतीत राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदविता येते.

पाकिटात नेमके किती बी?

किमतीचा विचार करताना पाकिटाकडे न पाहता आतील बियांकडे पाहावे. टोमॅटोच्या एका ग्रॅममध्ये सुमारे ३०० बिया असतात. भेंडीच्या १५ ते १८, तर दुधीच्या सहा-सातच भरतात. म्हणून टोमॅटो, वांगी, मिरची अशा बारीक बियाण्यांच्या बाबतीत हशिलाचे ओझे विशेष वाटत नाही. पन्नास घरांना पुरेल इतके बियाणे एका लखोट्यात मावते. याउलट धने व मेथी ही वजनाने अधिक आणि प्रमाणानेही अधिक लागणारी बियाणी होत. ती टपालाने मागविण्याऐवजी गावातील विश्वासू दुकानातून घ्यावीत. स्वयंपाकघरातील धने पायाने किंवा लाटण्याने हलके रगडून, दोन फाळ्या करून, रात्रभर भिजवून पेरल्यास कुंडीपुरती कोथिंबीर उत्तम येते. मात्र धने भाजलेले नसावेत.

किमतीपेक्षाही महत्त्वाची बाब उगवणशक्तीची. समजा, घरपोच ४० रुपयांच्या पाकिटातील ५० बियांपैकी ४० उगवल्या, तर रोप एक रुपयास पडले. दुसरे पाकीट ३० रुपयांना मिळाले, पण ५० पैकी २० बियाच उगवल्या, तर रोप दीड रुपयास पडले. स्वस्त पाकीट महाग ठरले ते असे! शिवाय वाया गेलेला हंगाम कोणत्याही किमतीस परत मिळत नाही.

बियाण्यांच्या किमान दर्जानुसार टोमॅटो व वांगी यांची उगवण शेकडा ७०, भेंडीची ६५, तर मिरची व दुधी यांची ६० असावी लागते. १९६६ च्या बियाणे कायद्याखाली अधिसूचित वाणांच्या पाकिटावर वाणाचे नाव, लॉट क्रमांक, उगवणशक्ती, शुद्धता, चाचणीची तारीख आणि निव्वळ वजन यांची नोंद आवश्यक आहे. प्रमाणित बियाण्याची खूणचिठ्ठी निळी असते, तर विक्रेत्याने स्वतःच्या जबाबदारीवर दिलेल्या सत्यतादर्शक बियाण्याची फिकट हिरवी. बियाण्याच्या विक्रीस १९८३ च्या बियाणे नियंत्रण आदेशानुसार परवाना लागतो. परवाना क्रमांक व पावती देण्यास जो राजी नाही, त्याच्याकडील बियाणे फुकट मिळाले तरी घेऊ नये.

एकत्र मागणीची रीत

ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी बचत गट, महिला मंडळे व गृहनिर्माण संस्था यांना एकत्र मागणी करण्यास प्रवृत्त करावे. त्याची रीत सोपी आहे. पावसाळी वेलभाज्या व भेंडी यांची मागणी मे महिन्याच्या मध्यास, तर टोमॅटो, कोबी, पालक, मुळा यांची सप्टेंबरच्या आरंभी गोळा करावी. एका वहीत प्रत्येकाचे नाव, हवा असलेला वाण व रक्कम लिहावी. मागणी एकाच पत्त्यावर नोंदवून हशील सर्वांत पाकिटांच्या प्रमाणात वाटावे. खाजगी कुरियरचे दर बहुधा अर्ध्या किलोच्या टप्प्याने असल्याने तेथे तर एकत्र मागणीचा लाभ आणखी मोठा होतो.

पत्ता व पिनकोड अचूक लिहावा. या एकाच नगरीत वाशीचा पिन ४००७०३, तर खारघरचा ४१०२१० आहे. नुसते ‘नवी मुंबई’ लिहिल्यास पुडके भलत्याच कचेरीत पडून राहते. कोकणच्या दमट हवेत हा विलंब बियाण्यास बाधतो. बियाण्यातील ओलावा शेकडा एकाने घटला, तर त्याचे आयुष्य ढोबळमानाने दुप्पट होते. ओलावा वाढल्यास तितक्याच वेगाने ते घटते. म्हणून पुडके येताच चारचौघांसमक्ष उघडावे, खूणचिठ्ठ्या व पावती एकाने जपून ठेवावी आणि बियाणे घट्ट झाकणाच्या कोरड्या बरणीत थंड जागी ठेवावे. पाकीट फोडून पाच घरांत वाटल्यास लॉट क्रमांक सर्वांनी लिहून घ्यावा. पुढे तक्रार करण्याची वेळ आली तर तोच कामी येतो.

पेरणीपूर्वी दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून उगवण पाहावी. एक ते दोन आठवड्यांत अंदाज येतो. सात बिया उगवल्यास बियाणे समाधानकारक मानावे. तीन-चारच उगवल्यास विक्रेत्याकडे तत्काळ लेखी तक्रार करावी.

परदेशातून बियाणे मागविण्याच्या मोहात मात्र पडू नये. २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार त्यासाठी आयात परवाना व रोगमुक्ततेचा दाखला लागतो. २०२० साली अनेक देशांत लोकांच्या घरी न मागविलेल्या परदेशी बियाण्यांची पाकिटे आली, तेव्हा भारत सरकारनेही सावधगिरीची सूचना दिली होती. अशा पाकिटाबरोबर नवा रोग किंवा तण आल्यास त्याची किंमत साऱ्या शिवाराला मोजावी लागते.

हशील एकदाच भरावे

टपालाचा आश्रय घेण्यापूर्वी जवळपास चौकशी अवश्य करावी. दापोलीचे डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ १९७२ पासून या भागासाठी कार्य करीत आहे. कारल्याचा ‘कोकण तारा’ यांसारखे त्याचे वाण आपल्या हवामानास मानवणारे आहेत. जे बियाणे स्वतः जाऊन आणता येते, त्यावर हशील पडत नाही.

सर्वांत मोठी बचत मात्र निराळीच आहे. टोमॅटोचा संकरित नसलेला, सरळ वाण एकदा मागविल्यास त्याच्या निरोगी झाडावरील पक्व फळांतून पुढील वर्षाचे बियाणे घरीच धरता येते. टोमॅटोत परपरागीभवन अल्प होत असल्याने वाण बहुधा शुद्ध राहतो. भोपळावर्गीय वेलींत मधमाश्यांमुळे मिसळ होते, म्हणून तेथे एका जातीचा एकच वाण लावावा. संकरित वाणाचे बियाणे मात्र धरू नये. पुढील पिढीत त्याचे गुण विस्कटतात. वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ याने शेतातील बियाणे राखण्याचा, पेरण्याचा व एकमेकांना देण्याचा शेतकऱ्याचा हक्क मान्य केलेला आहे.

अशा रीतीने एका वर्षी भरलेले पंचावन्न रुपयांचे हशील पुढील अनेक वर्षांवर वाटले जाते. कणगीतील बियाण्यावर ज्या घरांची शेती चाले, त्या घरांना ही विद्या नव्याने शिकवावयास नको. कणगीच्या जागी बरणी आली, एवढाच काय तो फरक. त्या बरणीवर वाणाचे नाव व वर्ष लिहून ठेवावे आणि शेजाऱ्याने मागितल्यास त्याला चिमूटभर बियाणे आनंदाने द्यावे.