सांडणीचा पान्हा

म्हैस गिऱ्हाइकाच्या दाराशी आणून त्याच्या डोळ्यांदेखत धार काढून देण्याचा पंढरपुरी गवळ्यांचा शिरस्ता ज्या सोलापुरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला, त्याच शहरातील मधुमेही गृहस्थ अलीकडे उंटिणीच्या दुधाच्या भुकटीच्या पुड्या मागवू लागले आहेत. आणि ते दूध कोठे व कोणाच्या श्रमाने निघते याची चौकशी करण्याची निकड त्यांपैकी फारच थोड्यांना वाटत असावी. मला ती वाटली, कारण माझ्याही रक्तातील साखर आताशा बेतात राहिलेली नाही.

बिकानेरजवळ जोडबीड येथे १९८४ साली स्थापन झालेले केंद्र सरकारचे उष्ट्र अनुसंधान केंद्र आहे. या चौकशीसाठी गेलो असता त्या मुलखात सांडणीची धार काढताना मी पाहिली. प्रथम पिलाला सोडतात. त्याने कासेला चार ढुसण्या दिल्या, की पान्हा सुटतो, परंतु म्हशीचा निवांतपणा त्यात नाही, दीड-दोन मिनिटांत सारा कारभार आटोपावा लागतो. म्हणून धार काढणारा राइका, म्हणजे तेथील पिढीजात उंटपाळ, बसत नाही. एका पायावर उभा राहून, दुसरे पाऊल गुडघ्याशी टेकवून, आडव्या झालेल्या मांडीवर भांडे तोलून धरतो आणि दोन्ही हात चालवतो, आणि त्याच वेळी पलीकडची आचळे पिलू ओढीत असते. त्याला हाकलून देण्यात शहाणपण नाही, कारण पिलू दूर होताच सांडणी पान्हा चोरते. दूध पातळ, अतिशय फेसाळ, किंचित खारट. विरजले तरी म्हशीच्या दुधासारखे कवडीदार दही लागत नाही.

गंमत अशी, की या न लागणाऱ्या दह्यातच काही वैद्यकीय पंडितांनी गुणाचे मूळ शोधले आहे. या दुधात इन्शुलिनसदृश प्रथिन आढळते; एरवी असे प्रथिन जठरात पचून निकामी व्हावयाचे, पण या दुधाची जठरात घट्ट गुठळी होत नसल्यामुळे ते सुखरूप पुढे जात असावे, असा त्यांचा तर्क आहे. तर्क तो तर्कच. प्रत्यक्ष पुरावा म्हणून बिकानेरच्याच वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. राजेंद्र अग्रवाल व सहकाऱ्यांचा २०११ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग पुढे करण्यात येतो: पहिल्या प्रकारच्या मधुमेहाचे २४ रोगी, त्यांपैकी निम्म्यांना दोन वर्षे रोज ५०० मिलिलिटर दूध, आणि अखेरीस त्यांची इन्शुलिनची दैनिक मात्रा सरासरी ३२.५ एककांवरून १७.५ वर आलेली.

हे आकडे दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. परंतु रोगी अवघे बारा, आणि दूध इन्शुलिनच्या जोडीने दिलेले, त्याच्या बदली नव्हे, हा तपशील पुड्या विकणारे क्वचितच उच्चारतात. शिवाय या दुधातही दुग्धशर्करा आहेच, ती भाकरीच्या हिशेबात धरावी लागते. आमच्याकडे मात्र सकाळी पुडी घेतली म्हणजे संध्याकाळच्या जिलबीचा परवाना मिळाला, असे मानणारे सज्जन मी पाहिले आहेत, आणि इंजेक्शन आपल्याच हुकुमाने बंद करून रुग्णालयात दाखल झालेलेही.

सांडणीचे दूध पिणाऱ्या राइकांत मधुमेह आढळला नाही, असे अग्रवालांच्याच गटाने २००७ साली नोंदले होते. पण कळपामागे दिवसभर वाळू तुडवणाऱ्या त्या माणसांच्या निरोगीपणाचे श्रेय एकट्या दुधाच्या खात्यावर जमा करणे मला तरी जड जाते. पुडीबरोबर ती पायपीट कोणी पाठवीत नाही.

त्या कळपांनाही आता ओहोटी लागली आहे. देशात २०१२ च्या पशुगणनेत सुमारे चार लाख असलेले उंट २०१९ मध्ये अडीच लाखांवर आले. राजस्थान सरकारने २०१४ मध्ये उंटाला राज्यपशू ठरवून पुढच्याच वर्षी कत्तलीस मनाई आणि राज्याबाहेर नेण्यास निर्बंध असा कायदा केला, आणि त्यामुळे नरांचा बाजार बसला. तेव्हा राइक्याच्या हिशेबी उरते ते दुधाचे उत्पन्न. आणि त्या दुधाला चढा भाव देणारे गिऱ्हाईक म्हणजे बव्हंशी आमच्यासारखे शहरी मधुमेहीच.