भिजलेला फोन

विठ्ठलवाडीजवळून वालधुनी नदी वाहते. २६ जुलै २००५ च्या महापुरात कल्याण-उल्हासनगर भागात घराघरांत पाणी शिरले होते. असा पूर काही रोज येत नाही. पण स्टेशनातून घरी पोचेपर्यंत एक सर आली, तरी खिशातला फोन भिजतो. मग आपण काय करतो? चालू आहे ना, म्हणून लगेच चार्जरला लावतो. इथेच घात होतो.

पाण्यात क्षार असतात. त्यांतून वीज वाहते आणि आतला धातू झपाट्याने झिजतो. गुरुजींनी हे वर्गात दाखवावे. मिठाच्या पाण्यात दोन लोखंडी खिळे वेगवेगळे उभे करावेत व टॉर्चच्या सेलच्या दोन टोकांना तारांनी जोडावेत. काही वेळाने धन टोकाकडचा खिळा गंजू लागतो, पाणी गढुळते.

तेव्हा फोन आधी बंद करा. मऊ सुती फडक्याने टिपा, चार्जिंगचे तोंड खाली धरून हलकेच झटका आणि दिवसभर वाऱ्यावर ठेवा. तांदळाच्या डब्यात घालू नका, कोंडा आत शिरतो. चुलीजवळही नको. बँकेपासून रेशनपर्यंतची कामे ज्या फोनवर चालतात, त्याच्यासाठी एक दिवस धीर धरलेला बरा, नाही का?