मागच्या रांगेतली माणसं : 'मॅश' मालिकेतली छोटी पात्रं मोठी कशी झाली



गणपती जवळ आले की आपल्या मंडळात नाटकाचं वारं वाहू लागतं. पुस्तक ठरतं, तालमीची जागा ठरते आणि मग पात्रं वाटून देण्याची रात्र येते. नायकाच्या कामासाठी चार हात वर होतात. नोकर, पोस्टमन, गावातला दारुडा, दवाखान्यातली नर्स ही कामं मात्र शेवटपर्यंत तशीच पडून राहतात. मग कुणाला तरी "अरे, दोनच वाक्यं आहेत, उभा राहा की" म्हणून पुढं ढकललं जातं.

काही वर्षांपूर्वी आपल्याच एका नाटकात एका सभासदानं दारुड्याचं काम केलं. काम छान झालं, लोक पोट धरून हसले. पण नंतर वर्षभर मुलं त्याला त्या पात्राच्या नावानंच हाक मारत राहिली. बाजारात, बसस्टॉपवर, देवळात, सगळीकडे तेच. आम्हीही हसलो. पुढच्या वर्षी तो तालमीला आला नाही, आणि का आला नाही हे आम्ही विचारलंही नाही.

यंदा पात्रं वाटण्याआधी त्या गोष्टीवर थोडं बोलावं असं आम्हाला वाटलं. त्यासाठी उदाहरण घेतलं आहे ते फार लांबचं, एका अमेरिकन विनोदी मालिकेचं. तिचं नाव 'मॅश'. ज्यांनी ती पाहिलेली नाही त्यांनाही पुढचं समजावं अशा बेतानं सांगतो.

मालिका कसली, युद्ध कुठलं

'मॅश' म्हणजे लष्कराचं फिरतं शस्त्रक्रिया रुग्णालय. आघाडीपासून जवळच तंबू ठोकायचे, हेलिकॉप्टरनं आणि गाड्यांनी येणाऱ्या जखमींवर तिथंच शस्त्रक्रिया करायच्या, आघाडी सरकली की तंबू उचलून पुढं किंवा मागं जायचं. १९५० ते १९५३ या काळातल्या कोरियाच्या युद्धात अशी रुग्णालयं खरोखर होती. तिथं काम केलेल्या एका शल्यचिकित्सकानं रिचर्ड हुकर या टोपणनावानं १९६८ मध्ये कादंबरी लिहिली, १९७० मध्ये तिच्यावर चित्रपट निघाला आणि १७ सप्टेंबर १९७२ रोजी मालिका सुरू झाली. ती २८ फेब्रुवारी १९८३ पर्यंत चालली. युद्ध तीन वर्षांचं आणि त्याच्यावरची मालिका अकरा वर्षांची! अडीच तासांचा शेवटचा भाग अमेरिकेत दहा कोटींहून अधिक लोकांनी पाहिला.

हे युद्ध आपल्याला वाटतं तितकं परकं नाही. भारतानं तिथं लढाऊ फौज पाठवली नाही, पण ६० पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्स हे वैद्यकीय पथक नोव्हेंबर १९५० मध्येच कोरियात पोचलं होतं. लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज त्याचे प्रमुख होते, आणि तिथल्या कामगिरीबद्दल त्यांना महावीरचक्र मिळालं. युद्ध थांबल्यावर कैद्यांचा प्रश्न सोडवायला तटस्थ राष्ट्रांचा आयोग नेमला गेला. त्याचे अध्यक्ष होते आपल्या कर्नाटकातल्या कोडगूचे जनरल थिमय्या. कैद्यांची राखण करणाऱ्या भारतीय दलाचे प्रमुख होते कोल्हापूरकडचे मेजर जनरल एस. पी. पी. थोरात. बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र असल्यानं फौजेतून रजेवर आलेली माणसं आणि त्यांच्या गोष्टी आपल्या भागाला नव्या नाहीत. तेव्हा तंबूतल्या रुग्णालयात थकलेली माणसं एकमेकांची चेष्टा करत रात्र कशी काढतात, याची कल्पना आपल्याला करता येईल.

सुरुवातीला सगळे साचेच होते

मालिकेचा नायक हॉकाय पिअर्स हा हुशार, तोंडाळ सर्जन. ॲलन आल्डा यांनी ते काम केलं. त्याच्याभोवती जी पात्रं होती ती पहिल्या वर्षी एका वाक्यात सांगून संपत. मार्गारेट हूलिहान म्हणजे नियमावर बोट ठेवणारी मुख्य नर्स. फ्रँक बर्न्स म्हणजे भित्रा, चुगलखोर डॉक्टर. फादर मल्कही म्हणजे साधाभोळा पाद्री. क्लिंगर म्हणजे वेडा ठरून घरी जाता यावं म्हणून बायकांचे कपडे घालणारा शिपाई.

यात वावगं काही नाही. आपल्या यक्षगानातला हास्यगार घ्या किंवा दशावतारातला संकासुर घ्या, आल्याबरोबर प्रेक्षकाला कळावं लागतं की हा कोण. साचा म्हणजे पात्राची ओळख. ओळख पटल्यावर पुढं काय करायचं, हा खरा प्रश्न असतो.

क्लिंगर : एका दिवसाचं काम

जेमी फार या नटाला क्लिंगरच्या कामासाठी एकाच दिवसाकरता बोलावलं होतं. सुरुवातीला त्याला बायकी हावभाव करायला सांगितलं गेलं. ते पाहिल्यावर मालिका उभी करणाऱ्या लॅरी गेलबार्ट आणि जीन रेनॉल्ड्स यांना जाणवलं की हे जमत नाही. मग तोच प्रसंग पुन्हा चित्रित केला. झगा तोच ठेवला, पण त्यात उभा असलेला माणूस आपला नेहमीसारखा, सरळ बोलणारा आणि पहारा देणारा शिपाई! हसू आलं ते त्यामुळंच. नट स्वतः आपल्या पात्राला हसत नव्हता.

एका दिवसाचं काम अकरा वर्षं चाललं. पुढं कचेरीतला कारकून रडार घरी गेला तेव्हा त्याची जागा क्लिंगरकडं आली. झगे हळूहळू मागं पडले आणि रुग्णालयाची सगळी खटपट अंगावर घेणारा माणूस समोर आला. शेवटच्या भागात तर सगळे घरी निघतात आणि ज्यानं घरी जाण्यासाठी आकाशपाताळ एक केलं तो क्लिंगरच कोरियात मागं राहतो. ज्या मुलीशी तो लग्न करतो तिला युद्धात हरवलेले आपले आईवडील शोधायचे असतात, म्हणून. हा विनोदही आहे आणि नाहीही.

मार्गारेट : टोपणनावाकडून नावाकडे

मार्गारेटला सुरुवातीला एक चावट टोपणनाव होतं आणि छावणीतले सगळे तिला त्याच नावानं चिडवत. लोरेटा स्विट यांनी हे काम केलं. आदल्या भागात पात्राच्या आयुष्यात जे घडलं ते पुढच्या भागात विसरू नका, असा त्यांचा लेखकांकडं आग्रह असे. तेव्हाच्या विनोदी मालिकांत दर आठवड्याला पाटी कोरी व्हायची. मार्गारेटची झाली नाही. तिची सोयरीक जमली, लग्न झालं, ते मोडलं, आणि प्रत्येक गोष्टीची खूण तिच्यावर राहिली.

१९७६ मधल्या एका भागात ती हाताखालच्या नर्सांवर शिस्तीचा बडगा उगारते. त्या तिच्या पाठीमागं तिला फसवतात. शेवटी तिचा बांध फुटतो. तुम्ही सगळ्या एकत्र बसता, हसता, पण मला कधी एक कप कॉफीलासुद्धा बोलावलं नाहीत, एवढंच तिचं दुःख असतं. त्या प्रसंगानंतर ती पहिल्यासारखी दिसत नाही. कडक ती राहतेच, पण कडक माणूस एकटा असतो हे आपल्याला कळलेलं असतं. पुढच्या वर्षांत ते टोपणनाव मागं पडत गेलं आणि 'मार्गारेट' हे नावच उरलं.

फादर मल्कही आणि चार्ल्स

फादर मल्कहींना सतत वाटत असतं की डॉक्टर जीव वाचवतात आणि आपण नुसते उभे असतो. १९७८ च्या एका भागात ते आपल्या बहिणीला पत्र लिहून ही सल सांगतात. ही पत्राची युक्ती मालिकेनं पुन:पुन्हा वापरली. जो पत्र लिहितो त्या भागापुरता तो नायक होतो आणि त्याच्या डोळ्यांनी आपल्याला बाकीचे दिसतात.

चार्ल्स विंचेस्टर हा १९७७ मध्ये आलेला बॉस्टनचा श्रीमंत, गर्विष्ठ सर्जन. डेव्हिड ऑग्डेन स्टायर्स यांनी तो उभा केला. १९८० च्या नाताळच्या भागात तो घराण्याच्या रीतीप्रमाणे अनाथाश्रमाच्या दारात महागडी चॉकलेटं गुपचूप ठेवून येतो. नंतर कळतं की ती काळ्या बाजारात विकली गेली. तो संतापून आश्रमाच्या चालकाला जाब विचारतो. चालक सांगतो की त्या पैशांतून मुलांसाठी तांदूळ आणि कोबी आणला. चार्ल्स वरमतो. ज्याच्या पोटात जेवण नाही त्याला गोड देणं ही आपलीच चूक, हे तो कबूल करतो. हे बोलणं क्लिंगरच्या कानावर पडलेलं असतं. रात्री तो उरलेल्या जेवणाचं ताट चार्ल्सला नेऊन देतो आणि कुणी दिलं ते मात्र सांगत नाही. चार्ल्सचा ताठा दुसऱ्या दिवशीही तसाच असतो, पण तो आपल्याला आता वेगळा दिसतो.

जो वाढला नाही

फ्रँक बर्न्स मात्र पाच वर्षं होता तिथंच राहिला. लॅरी लिनव्हिल यांचं काम उत्तम होतं, पण पात्राला जायला पुढं वाटच उरली नव्हती. १९७७ मध्ये त्यांनी मालिका सोडली. सगळ्यांनी मिळून हसायला एक माणूस ठेवला की काही काळ बरं चालतं. पुढं हसणारे माणूस म्हणून मोठे होत जातात आणि तो एकटाच तिथं पडून राहतो. आपल्या त्या सभासदाची आठवण आम्हाला इथंच झाली.

केली : सगळ्यात मागे उभी असलेली

सुरुवातीच्या वर्षांत छावणीतल्या नर्सांना नावंही धड नव्हती. एबल, बेकर ही नावं म्हणजे तेव्हाच्या लष्करी संदेशभाषेतली 'ए' आणि 'बी' ही अक्षरं. नट्या बदलत, नावं तीच. यांतच केली नाकाहारा ही हवाईत वाढलेली जपानी वंशाची नटी होती. ट्रे धरणारी, स्ट्रेचरमागं धावणारी, कोपऱ्यात नाचणारी. शंभराहून अधिक भागांत ती दिसते, पण बहुतेक वेळा चौकटीच्या कडेलाच. तिचं स्वतःचं नावच पुढं पात्राचं नाव झालं.

१९८२ मध्ये, म्हणजे शेवटच्या वर्षी, तिच्यावर एक अख्खा भाग लिहिला गेला. लेखकांमध्ये खुद्द ॲलन आल्डा होते. त्यात ती हॉकायला खडसावते की इतकी वर्षं मी तुझ्या शेजारी काम करते आहे, तुझी नजर कायम दुसऱ्या कुणाकडं, मी तुला दिसलेच नाही. त्याच रात्री हॉकाय तिला एका मरणाऱ्या सैनिकाशेजारी बसून त्याला धीर देताना पाहतो. ती हे काम रोजच करत होती. तो फुलं घेऊन तिच्याकडं जातो तेव्हा ती दुसऱ्याच कुणाबरोबर निघालेली असते. तेही बरंच झालं!

आपल्यासाठी यातलं काय

गेलबार्ट आणि रेनॉल्ड्स यांनी कोरियात राबलेल्या खऱ्या डॉक्टर-नर्सांना गाठून त्यांच्या आठवणी ऐकल्या होत्या आणि त्यांतून अनेक प्रसंग निघाले. छोट्या पात्रांना बळ आलं ते माणसांना विचारल्यामुळं. आपल्यालाही ते जमण्यासारखं आहे. पैसा लागत नाही.

तेव्हा यंदाच्या तालमीसाठी आम्ही असं सुचवतो. ज्याच्या वाट्याला दोन वाक्यं आली आहेत त्यानं आपल्या पात्राच्या वतीनं घरी एक पत्र लिहून आणावं. पोस्टमन आपल्या आईला काय लिहील? दारुडा भावाला काय लिहील? ते पत्र रंगमंचावर वाचायचं नाही, तालमीत एकदाच वाचायचं. दिग्दर्शकानं छोट्या पात्रालाही नाव द्यावं, 'नोकर एक' आणि 'नोकर दोन' नको. विनोदी काम करणाऱ्यानं स्वतःच्या पात्राला हसू नये. हसायचं ते लोक हसतील.

पडद्यामागं चहा करणाऱ्या, साड्या नेसवून देणाऱ्या, मुलांना झोपवून पुन्हा येणाऱ्या आपल्या वहिनी-काकूंची नावं घोषणेत 'महिला मंडळ' या एका शब्दात उरकली जातात. यंदा ती नावानिशी घेतली जातील. यादी करायला घेतली आहे, कुणाचं नाव राहिलं तर कळवा.

आणि पात्रं वाटून देण्याच्या रात्रीआधी आम्ही दोघं-तिघं त्या सभासदाच्या घरी जाऊन येणार आहोत. काम द्यायला नव्हे. आधी जे विचारायचं राहून गेलं ते विचारायला. चहा त्यांच्याकडंच घेऊ.